शिरा हिरव्या, पान पिवळे

पिटुनियाच्या फुलझाडांच्या खोलीत मला बोलावले गेले, तेव्हा झाडांना खत कमी पडते आहे हे तिथे सर्वांनी गृहीतच धरले होते. तीन आठवडे पाने पिवळी पडत होती आणि तीन आठवडे खताची मात्रा वाढवली जात होती. मधल्या काळात मॅग्नेशियम सल्फेटही देऊन झाले होते. जांभळट एलईडीच्या उजेडात पानांचा खरा रंग कळत नाही, म्हणून मी एक कुंडी उचलून पांढऱ्या दिव्याखाली नेली.

शेंड्याची कोवळी पाने फिकट पिवळी, काही तर पांढुरकी झाली होती. पण त्यांच्या शिरा जाळी विणल्यासारख्या हिरव्या होत्या आणि बुडाची जुनी पाने गर्द हिरवी होती. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडले, की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवते, त्यामुळे पिवळेपणा खालून सुरू होतो. लोह असे सहज हलत नाही, म्हणून त्याची उणीव थेट शेंड्यावर उमटते. मॅग्नेशियमचा संशय माझ्यापुरता तिथेच मिटला.

पण खतात लोह होते. मग ते मुळांना का मिळत नव्हते? कुंडीला पाणी देऊन तासाभराने वरून 100 मिलिलीटर डिस्टिल्ड वॉटर ओतले आणि निथळलेले पाणी माझ्या मीटरने तपासले, तर पीएच 7.2 आला आणि ईसीही, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारा आकडाही, बराच चढलेला होता. पिटुनियाला पीएच साधारण 5.5 ते 6.2 असा मानवतो. नोंदवहीत मात्र टाकीतल्या द्रावणाचा पीएच रोज 5.9 लिहिलेला होता. तिथला मीटर मी 7.00 च्या बफर द्रावणात, म्हणजे पीएच नेमका ठाऊक असलेल्या द्रावणात, बुडवला, आकडा 6.1 वर येऊन थांबला.

नोंदी ठेवणाऱ्या मुलाचा चेहरा उतरला. त्याने एकाही दिवशी नोंद चुकवली नव्हती; मीटर अधूनमधून बफरने जुळवून घ्यावा लागतो, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. दोष त्याचा नाही, हे मी सर्वांसमोर स्पष्ट सांगितले. पाण्यात पीएच चढवणारे बायकार्बोनेट भरपूर होते, मीटर पीएच कमी दाखवत असल्याने आम्ल अपुरे पडत होते आणि खतातले लोह ईडीटीए या त्याला विरघळलेले ठेवणाऱ्या रसायनाशी बांधलेले होते, पण ते साधारण 6.5 पीएचच्या वर टिकत नसल्यामुळे ते कुंडीत असूनही झाडापर्यंत पोहोचत नव्हते.

वाढीव खत त्याच दिवशी बंद केले. हे पटवणेच सर्वांत अवघड गेले, कारण उपाशी दिसणाऱ्या झाडाचे खत तोडायला कोणाचा हात धजत नाही. आम्लाची मात्रा नीट बेतून त्या पाण्याने कुंड्या निथळू दिल्या, चढ्या पीएचलाही टिकणाऱ्या ईडीडीएचए या दुसऱ्या तशाच रसायनाशी बांधलेल्या लोहाचे लालसर द्रावण मुळांशी ओतले आणि पानांवर उडालेले थेंब लगेच धुऊन काढले.

नवव्या दिवशी निथळलेल्या पाण्याचा पीएच 6.1 होता आणि उमलत्या पानांचे देठाकडचे भाग हिरवे धरू लागले होते. पांढरी पडून करपलेली पाने सुधारणार नव्हती. ती मी आणि नोंदी ठेवणाऱ्या त्या मुलाने मिळून खुडली.