पॅडलबोर्ड घेताय? किमतीच्या आधी हे बघा

सिएटलमधे उन्हाळा लागला की लेक युनियन आणि ग्रीन लेकवर जिकडेतिकडे पॅडलबोर्डवर उभ्याने वल्हवणारी माणसं दिसतात, आणि मी फोटो टाकले की नाशिकहून पहिला प्रश्न ठरलेला, कितीला पडला बोर्ड? आता तर मावसभाऊ खरंच घ्यायच्या मागे लागलाय, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला न्यायला, म्हणून त्याला फोनवर सांगितलं तेच इथे लिहितोय.

आधी स्वतःचं वजन बघा. बोर्डावर लिहिलेली मर्यादा म्हणजे तेवढ्या वजनाला तो तरंगतो इतकंच, नीट चालेलच असं नाही. ७०-७५ किलोच्या माणसाला साडेदहा फूट लांब, ३२ इंच रुंद पुरतो. मावसभाऊ नव्वद किलोचा, त्यात पुढे लेकीला बसवायचंय, त्याला ११ फुटी आणि ३३-३४ इंच रुंद घे म्हटलं. लांब-अरुंद टूरिंगवाला सरळ आणि जोरात जातो खरा, पण पहिलाच बोर्ड म्हणून नको.

फ्लॅटमधे राहत असाल तर हवा भरायचाच घ्या, हवा काढली की गुंडाळून बॅगेत जातो. हवेचा म्हणजे लेचापेचा असं अजिबात नाही हां, आत वरचा आणि खालचा थर जोडणारे हजारो बारीक धागे असतात, ड्रॉप स्टिच म्हणतात त्याला, त्यामुळे १२ ते १५ पीएसआय हवा भरली तरी तो गोल फुगत नाही, सपाटच राहतो, अंगठ्याने दाबून बघा, दबत नाही. जाडी ६ इंच बघा, ४ इंचवाले स्वस्त असतात पण वजनदार माणूस उभा राहिला की मधे वाकतात. हातपंपाने १० पीएसआयनंतर घाम निघतो आणि बरेच जण तिथेच सोडून देतात, मग बोर्ड मऊ आहे म्हणून तक्रार. टायरचा छोटा कंप्रेसर इथे कामाचा नाही, प्रेशर देतो पण हवा इतकी थोडी थोडी टाकतो की बसा वाट बघत.

आणि नाशिकच्या मे महिन्यात भरलेला बोर्ड उन्हात ठेवून जेवायला बसू नका, आतली हवा तापून प्रेशर वाढतं, जोड सुटतात.

पॅडल, म्हणजे वल्हं, उभं धरून हात वर करा, मूठ मनगटाशी आली की उंची बरोबर.

लाइफ जॅकेटवर मात्र मी अडूनच बसतो. इथे कोस्ट गार्डने २००८ मधेच पॅडलबोर्डला बोट ठरवलं, त्यामुळे जॅकेट सोबत ठेवावंच लागतं. आपल्याकडे कोणी विचारो न विचारो, घालाच, आणि पायाला लीश, म्हणजे बोर्डाला जोडलेली दोरी, बांधा, कारण तुम्ही पडलात की वारा बोर्ड घेऊन जातो आणि पोहून तो हाती लागत नाही. धरणाचं पाणी शहर पितं, तेव्हा कुठूनही उतरू नका, आधी परवानगीचं विचारा. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या (नाशिककर पूर त्याच्यावरूनच मोजतात) पायाला पाणी लागलेलं असताना गोदावरीत उतरायचा तर विचारही नको, वाहत्या पाण्यात पायातली लीश झाडाझुडपात अडकली तर सोडवता येत नाही.

मावसभावाला आधी दोन जॅकेट घ्यायला लावलीत, त्याचं आणि लेकीचं. बोर्ड दिवाळीनंतर.