राखलेला उजेड

सांगलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवण्यात माझी एकतीस वर्षे गेली, आणि त्या काळात "चमकीची जागा आधी राखा, मग रंगाला हात लावा" हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेल याची मोजदाद नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांच्या वस्तुचित्रासाठी समोर पितळी तांब्या, एखादे फळ, घडी मोडलेला रुमाल असे काहीबाही मांडलेले असते. मुले अख्खा तांब्या पिवळा करून टाकतात आणि शेवटच्या पाच मिनिटांत पोस्टर कलरच्या पांढऱ्याचा एक ठिपका त्याच्या पोटावर ठेवून देतात. तो ठिपका चुन्याचा डाग वाटतो, चमक काही वाटत नाही. जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा कागद; तो एकदा झाकला गेला की परत मिळत नाही, हे मुलांना पटेपर्यंत वर्ष संपलेले असे.

आमच्याच शाळेच्या कार्यालयात एक छापील चित्र टांगलेले होते. हातात दिवा घेतलेली एक तरुण स्त्री, वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून पुढे धरलेला दुसरा हात, आणि त्या हाताच्या बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड. हे चित्र पाहिले नाही असा मराठी माणूस विरळा. कॅलेंडरांवर, दवाखान्यांत, लग्नाच्या हॉलमध्ये ते कुठे ना कुठे भेटतेच. आमच्या प्रतीखाली ठळक अक्षरांत 'राजा रविवर्मा' असे छापलेले होते. मूळ चित्र सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे आहे, ते १९४५-४६ च्या सुमारास रंगवले गेले आणि रविवर्मा १९०६ सालीच निवर्तले होते, हे मी तीन मुख्याध्यापकांना सांगून पाहिले. तिघांनीही मान डोलावली आणि पट्टी होती तिथेच राहिली.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मूळ चित्र पाहायला म्हैसूरला जायचे मी ठरवले. माझी भाची बंगळुरूला नोकरी करते, तिने दोन दिवसांची रजा काढली आणि आम्ही सकाळच्या गाडीने निघालो. बंगळुरू ते म्हैसूर हे अंतर जेमतेम दीडशे किलोमीटरचे. रामनगरचे उघडेबोडके कातळ, मंड्याचा ऊस (सांगलीच्या माणसाला त्यात अप्रूप ते काय) आणि श्रीरंगपट्टणला कावेरी ओलांडताना पुलावर क्षणभर बदलणारा चाकांचा आवाज, एवढे लक्षात राहिले. खरे तर माझे लक्ष खिडकीबाहेर नव्हतेच. ज्या चित्राच्या छापील प्रतीखाली आयुष्य गेले, ते प्रत्यक्षात पाहून निराशा झाली तर काय, या धास्तीत मी होते.

हे चित्र जिथे आहे तो म्हैसूरचा जगन्मोहन राजवाडा १८६१ साली तिसऱ्या कृष्णराज वडियारांच्या काळात बांधला गेला. १८९७ मध्ये मुख्य राजवाडा आगीत भस्मसात झाल्यावर, १९१२ साली नवा उभा राहीपर्यंत, राजघराण्याने याच वास्तूचा आश्रय घेतला होता. १९१५ पासून तिथे कलादालन आहे. आत पाऊल टाकल्यावर फ्रेंच बनावटीचे संगीत घड्याळ, रविवर्म्यांची पौराणिक तैलचित्रे, रशियन चित्रकार रोरिक पितापुत्रांच्या चित्रांतले हिमालय असे पुष्कळ काही आहे. रविवर्म्यांच्या चित्रांपुढे मी रेंगाळले, पण तो उजेड मला ओळखीचा होता: तैलरंगातला, थरावर थर देऊन शेवटी वरून ठेवलेला. दागिन्यांवरचा प्रत्येक चकाकता कण हा जाड रंगाचा फटकारा असतो. काळोख आधी रंगवायचा आणि त्यावर उजेड चढवायचा, हा तैलरंगाचा रिवाज. जलरंगाचा रिवाज नेमका याच्या उलट आहे.

ज्या चित्रासाठी आलो होतो ते काळोख्या जागेत, पडद्यांच्या आड होते. आत शिरल्यावर प्रथम काहीच नीट दिसेना. उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधाराशी जुळवून घ्यायला काही मिनिटे लागतात, पण बहुतेक मंडळी तेवढी थांबत नव्हती. पडदा बाजूला सारायचा, "अरे वा" म्हणायचे आणि पुढे जायचे. आम्ही भिंतीला टेकून उभ्या राहिलो. हळूहळू आधी हात दिसला, मग चेहरा, मग साडीच्या चुण्या, आणि सर्वांत शेवटी मागचा गडद भाग, जो आजवर छापील प्रतीत मला नुसता तपकिरी वाटत आला होता. तो तसा नाही. त्यात उबदार आणि थंड छटा एकमेकींत अशा मिसळल्या आहेत की काळोखालाही खोली येते, आणि त्या थंड छटांमुळेच हातावरचा तांबूसपणा पेटल्यासारखा वाटतो.

तेवढ्यात एका सहलीचा वाटाड्या वीसेक जणांना घेऊन आला आणि हिंदीत म्हणाला, "ही राजा रविवर्म्यांची सर्वांत प्रसिद्ध कलाकृती." भाचीने माझ्याकडे पाहिले. मी काही बोलले नाही. तीन मुख्याध्यापकांनंतर माणसाचा उत्साह आटतो.

त्या चित्रातल्या स्त्रीसाठी हळदणकरांची स्वतःची मुलगी गीता उभी राहिली होती. पुढे त्या कोल्हापूरला स्थायिक झाल्या आणि २०१८ मध्ये वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी तिथेच वारल्या. माझ्या गावापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर चित्रातली व्यक्ती राहत होती आणि मी तिचे चित्र पाहायला परराज्यात आले, याची चुटपुट मला लागून राहिली आहे. हळदणकरांचा जन्म १८८२ चा. सावंतवाडीहून ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले, १९०८ साली त्यांनी स्वतःची कलासंस्था काढली, १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी जे. जे.मध्ये पारदर्शक जलरंगाला मोठे मानाचे स्थान मिळाले. कोकणातल्या दमट हवेत वाढलेल्या मुलाला ते माध्यम मानवले असावे, असे मला उगीचच वाटते. हे चित्र रंगवताना ते साठीच्या पुढे होते, म्हणजे माझ्याच वयाचे. दिव्याच्या उजेडाचे चित्र तैलरंगात करणे सोपे, म्हणून त्यांनी मुद्दाम जलरंग हाती धरला असे सांगितले जाते. ते खरे असो वा नसो, चित्र जलरंगातच आहे आणि त्याची कठीण बाजू हातात कुंचला धरलेल्या कोणालाही कळते.

त्या रात्री आम्ही देवराज मार्केटजवळच्या एका लॉजवर उतरलो होतो. मोगऱ्याच्या गजऱ्यांबरोबर मी मेणबत्त्यांचे एक पुडके विकत घेतले. खोलीतले दिवे बंद केले, पाटीवर कागद ताणून चारी कडांना गमटेप लावला आणि भाचीला मेणबत्ती घेऊन भिंतीपाशी उभे केले. चित्राची नक्कल करण्याचा माझा इरादा नव्हता. हातातून उजेड नेमका कसा येतो एवढेच मला पाहायचे होते.

पहिली गोष्ट दिसली ती अशी की, हात सगळा लाल होत नाही. लहानपणी बॅटरीवर तळहात ठेवून आपण सगळ्यांनीच तो लालभडक झालेला पाहिला आहे, म्हणून मनात तशीच आठवण असते. मेणबत्तीपुढे मात्र फक्त बोटांच्या कडा आणि दोन बोटांमधली पातळ कातडी पेटते, बोटाचा मधला भाग काळसरच राहतो. रक्त निळा आणि हिरवा प्रकाश शोषून घेते आणि तांबडा बराचसा पुढे जाऊ देते. जिथे मांस पातळ तिथे तो आपल्यापर्यंत पोचतो. दुसरी गोष्ट अंतराची. मेणबत्ती हातापासून दुप्पट दूर नेली की हातावरचा उजेड निम्मा नव्हे, चौथाईवर येतो. म्हणजे बोटे उजळावीत तर ज्योत अगदी जवळ हवी, आणि तितकी जवळ आणली की—

"मावशी, हात भाजतोय."

"पाच मिनिटं धर ग, कडा तेवढ्या टिपून घेते."

"मघाशीही पाचच म्हणाली होतीस."

तिसरी गोष्ट चेहऱ्याची. उजेड खालून आला की चेहरा भेसूर होतो; अंधारात हनुवटीखाली बॅटरी धरून भुताचा चेहरा करण्याचा खेळ त्यावरच चालतो. नाकपुड्या आणि भुवयांचा खालचा भाग उजळतो, डोळ्यांच्या वर सावल्या चढतात. भाची मेणबत्ती छातीशी धरून उभी राहिली तेव्हा बिचारी थेट तशीच दिसत होती. तिला दिवा अंगापासून थोडा पुढे धरायला सांगितला, हनुवटी किंचित खाली आणायला लावली, तेव्हा कुठे गालावर मऊ उजेड आला. हळदणकरांच्या चित्रातला चेहरा इतका शांत दिसतो तो गोड स्वभावामुळे नव्हे, दिव्याच्या आणि मानेच्या या हिशेबामुळे. असे हिशेब चित्रात दिसत नाहीत म्हणून लोक त्याला जादू म्हणतात. पितळी दिवा धरून त्या मुलीला बराच वेळ उभे राहावे लागले होते, एवढे मात्र ठाऊक होते. माझी भाची वीस मिनिटांत बसली.

मी रंगवत राहिले. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, कडांना क्रिमसन, मागे प्रुशियन ब्लू आणि तपकिरी अंबर यांचा वॉश, म्हणजे पाणीदार पातळ थर. मेणबत्तीच्या उजेडात रंगपेटीतला पिवळा आणि कोरा कागद यांतला फरकच कळत नाही, कारण तो उजेड स्वतःच पिवळा असतो. अकराच्या सुमारास खोलीतली ट्यूब लावली आणि पाटी भिंतीला टेकवून दुरून पाहिले. बोटांच्या ज्या कडांसाठी हा सगळा खटाटोप केला होता, त्या कडांवर मी रंगाच्या पहिल्याच थरात ऑकर फिरवून बसले होते. सबंध कागदावर कोरी अशी जागा नव्हती. भाचीने रंगपेटीतली पांढऱ्याची ट्यूब उचलून माझ्यापुढे धरली आणि खो-खो हसू लागली. शाळेतली माझी ठरलेली वाक्ये तिच्या लहानपणापासून तिला पाठ आहेत.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. संध्याकाळी मुख्य राजवाड्यावर सुमारे लाखभर दिवे एकदम उजळतात, ते पाहायला सगळे शहर लोटते. आम्हीही पाहिले. छान असते, जिलबीच्या दुकानाइतके छान.

त्याआधी सकाळी मी पुन्हा एकटीच जगन्मोहनमध्ये गेले होते. या वेळी डोळे अंधाराला सरावेपर्यंत मिटूनच उभी राहिले, आणि उघडल्यावर चित्रात काय रंगवले आहे ते न पाहता काय रंगवलेले नाही ते शोधू लागले. शोध लवकर लागला. सर्वांत उजळ जागा फार थोड्या आहेत आणि सगळ्या मिळून माझ्या तळहाताएवढ्याही भरणार नाहीत. त्यांच्या भोवती रंगाचे पातळ हात एकावर एक येत गेले आहेत आणि प्रत्येक हात त्या जागांच्या काठावर येऊन थांबला आहे. पहिला वॉश देण्यापूर्वीच त्या माणसाला उजेड कुठे आहे हे ठाऊक असले पाहिजे. पुढचे सगळे दिवस तो काळोख रंगवत होता, आणि काळोख जसजसा दाट होत गेला तसतशी ती मूठभर जागा आपोआप उजळत गेली असणार. एखादा थेंब चुकून जरी आत ओघळला असता, तरी मेहनत वाया गेली असती.

काळोख्या खोलीबद्दल मला आदल्या दिवशी थोडा राग आला होता. पडदे लावून चित्राचा तमाशा केला आहे, असे वाटले होते. पण जलरंगाचा थर अगदी पातळ, आणि त्यातले काही रंग, विशेषतः पूर्वीचे गुलाबी-किरमिजी, उजेडाने विटतात. म्हणूनच जलरंगातल्या चित्रांवर ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) वर प्रकाश पडू देऊ नये असा संग्रहालयांचा सर्वसाधारण दंडक आहे. आपल्या कचेऱ्यांत टेबलावर ३०० ते ५०० लक्स असतो. दिव्याचे हे चित्र भर उजेडात ठेवले तर त्यातला दिवाच आधी मंदावेल. पडदा तमाशासाठी लावला असो की काळजीपोटी, मी बाहेर पडताना तो नीट ओढून घेतला.

परतीच्या गाडीत मंड्याच्या पुढे ऊन कलले आणि खिडकीशी बसलेल्या भाचीच्या कानाची पाळी मागून येणाऱ्या उन्हाने लाल झाली. तिला हलू नकोस म्हणून सांगितले आणि पिशवीतून लहान वही काढली. रंगपेटी उघडली नाही. पेन्सिलीने आधी पाळीची ती एवढीशी कड आखली, तिच्या आत बारीक फुली मारली, आणि मग भोवतालच्या केसांपासून सुरुवात केली.