तांब्यांच्या आठवणी गोळा करणाऱ्यांसाठी

मनोगतात शाळेतल्या खोड्या सांगायची रीत आहे. त्या इतर बरेच जण सांगतील. शाळा महोत्सवी वर्षात ग्वाल्हेर शहराच्या लष्कर या भागातल्या मराठी घरांतून राजकवी भा. रा. तांबे यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणार आहे, म्हणून ही जागा त्या कामाला देतो.

तांबे ७ डिसेंबर १९४१ रोजी गेले. त्यांना जाणत्या वयात पाहिलेले माणूस आज असलेच तर नव्वदीच्या पुढचे. तेव्हा हाती येईल ती बहुतेक ऐकीव आठवण, आजीने किंवा वडिलांनी सांगितलेली. ती कमी प्रतीची नाही, पण कुणाकडून आली हे दर वेळी लिहायलाच हवे. कुणी म्हणाले, "तांबे आमच्याकडे यायचे", तर लगेच विचारावे: कुठला वाडा, जनकगंजातला की दौलतगंजातला? तुम्ही पाहिलेत की ऐकलेत? नुसते 'ग्वाल्हेर' हे उत्तर पुरत नाही. लष्कर, मुरार आणि जुने ग्वाल्हेर वेगळे लिहावे.

सर्वांत जास्त घोळ चालींचा होतो. तांब्यांची कविता गाण्यासाठीच रचलेली. समग्र संग्रहात कवितेबरोबर राग, ठिकाण, साल अशा नोंदी सापडतात. पण 'मधु मागशि माझ्या सख्या' किंवा 'कळा ज्या लागल्या जीवा' ही गाणी आज सगळ्यांच्या कानांत आहेत ती वसंत प्रभूंच्या चालीत, लताबाईंच्या आवाजात. "आमची आई तांब्यांच्याच चालीत म्हणायची" असे सांगणारे माणूस प्रामाणिकपणे रेडिओची चाल म्हणून दाखवते, कारण पुन्हापुन्हा ऐकलेली चाल आधीच्या चालीवर बसते आणि ती पुसून टाकते. म्हणून सुरुवात कधीही प्रसिद्ध गाण्याने करू नये. रेकॉर्ड न निघालेली कविता आधी विचारावी, तीही पुस्तक हातात न देता. दोनच ओळी आल्या तरी चालतील. पुस्तक समोर ठेवले की माणूस गायचे सोडून वाचू लागतो. मग संग्रहातला राग ताडून पाहावा. जुळला तर उत्तम. नाही जुळला तरी ध्वनिमुद्रण टाकून देऊ नये, घराघरात चाल बदलतेच.

दुसरी अडचण काळाची. तांब्यांचे जन्मसालच कुठे १८७३ तर कुठे १८७४ छापलेले, त्यामुळे "ते पन्नाशीचे असताना" या हिशेबावर साल बसवू नये. मुक्काम आणि नोकरीवरून बसवावे. जन्म मुंगावलीचा, पुढे देवासला युवराजांचे शिक्षक, मग वकिली आणि न्यायखाते, मुक्काम देवास, अजमेर, लष्कर असे हलत राहिले. 'जन पळभर म्हणतील' शेवटच्या आजारात रचली असे कुणी सांगितले, तर मान डोलवण्यापूर्वी छापील साल पाहावे. माधव जूलियनांनी संपादलेली समग्र कविता १९३५ मध्येच निघाली होती. त्या आवृत्तीत असलेली कविता मृत्यूच्या निदान सहा वर्षे आधीची. मरणाच्या कवितेला मरणशय्या जोडायचा मोह सगळ्यांनाच होतो, प्राध्यापकांनाही.

ध्वनिमुद्रणाला मोबाईल पुरतो, फक्त विमान-मोडवर टाकून, हातभर अंतरावर, टेबलावर नव्हे तर घडी घातलेल्या चादरीवर ठेवावा. पंखा बंद. उन्हाळ्यात हे जड जाते, तेव्हा सकाळी आठच्या आत जावे. चाळीस मिनिटांनंतर म्हातारे माणूस थकते आणि तुम्हाला हवे ते बोलू लागते, तिथे थांबावे. उतरवून घेताना "बाड्यावर गेलो" (बाडा म्हणजे लष्करातला मुख्य चौक), "सब्जी आणली" असे हिंदी वळणाचे बोलणे असेल तर तसेच ठेवावे. पुणेरी करून लिहिले की इथल्या माणसाचा आवाजच जातो.

बायकांच्या गाण्यांच्या वह्या आवर्जून मागाव्यात. मंगळागौरीच्या गाण्यांशेजारी तांब्यांची कविता असू शकते, बहुधा कवीच्या नावाशिवाय आणि कडवी मागेपुढे झालेली. तिथे कडव्यांचा क्रम सुधारू नये, आहे तसा नोंदवावा. वही घरीच ठेवून पानांचे फोटो घ्यावेत, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता. फाटक्या पानाला सेलोटेप लावू नये, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि सोडवताना शाई घेऊन निघते. ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्या घरी द्यावी, आणि कुठला भाग शाळेत ऐकवायचा नाही हे घरच्यांकडून त्याच दिवशी लिहून घ्यावे.