मोजायला न्यूयॉर्क, बघायला शिकागो

जर्सी सिटीत ताईकडे पोचले त्याच संध्याकाळी भाचा मला एक्स्चेंज प्लेसच्या धक्क्यावर घेऊन गेला. वय वर्षं अकरा, काखेत वही. समोर हडसन नदी, पलीकडे न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनचं दक्षिण टोक. वहीत शहरांची नावं आणि त्यांच्यापुढे आकडे लिहिलेले.

"मावशी, दीडशे मीटरच्या वरचीच मोजायची हं," त्याने आधीच बजावलं.

दीडशे मीटर म्हणजे ढोबळ मानाने चाळीस मजले. उंच इमारतींची जागतिक नोंद ठेवणारी जी परिषद आहे, तिच्या याद्यांत हीच रेघ आखलेली असते. त्या हिशेबाने न्यूयॉर्कमध्ये 300 हून जास्त इमारती भरतात. शिकागो दुसरं, सव्वाशेच्या पुढे. तिसरं मियामी, पण दुसऱ्यापासून बरंच लांब. बाकीच्या अमेरिकन शहरांना पन्नाशीसुद्धा गाठता आलेली नाही. ह्यूस्टन, लॉस एंजेलिस ही नावं एवढी मोठी, म्हणून मला हे वाचून आश्चर्यच वाटलं.

आम्ही मोजायला लागलो आणि विसाच्या आसपास गाडी अडली. एकीच्या मागे दुसरी, तिच्या खांद्यावरून तिसरीचं टोक. शिवाय इथून दिसतो तो फक्त डाउनटाउनचा पुंजका. एम्पायर स्टेटचा मिडटाउन वेगळा, वर उत्तरेला, आणि दोन्हींच्या मध्ये बुटक्या घरांची मोठी खोलगट पट्टी. न्यूयॉर्कला एक स्कायलाइन, म्हणजे इमारतींची आकाशरेषा, नाहीच, दोन आहेत, आणि त्या एका नजरेत नीट मावत नाहीत.

दुसऱ्या दिवशी 57व्या रस्त्यावर मान मागे टाकून चालले. इथल्या नव्या इमारती अगरबत्तीच्या काडीसारख्या. 111 वेस्ट 57 ही 435 मीटर उंच, आणि तिची रुंदी उंचीच्या जेमतेम चोविसावा हिस्सा! एवढी उंची मिळते कशी, तर शेजारच्या ठेंगण्या इमारतींनी न वापरलेला बांधकामाचा हक्क विकत घेऊन तो आपल्या डोक्यावर चढवायचा. आपल्याकडच्या टीडीआरचा, म्हणजे विकास हक्क हस्तांतरणाचा, जवळचा भाऊबंदच हा. जुन्या इमारतींना जो पायऱ्यापायऱ्यांचा आकार दिसतो तोही कायद्यातून आला. 1915 साली इक्विटेबल बिल्डिंग सरळ भिंतीसारखी उभी राहिली, रस्त्यावर अंधार पडला, आणि 1916 मध्ये नियम झाला की वर जाताना मागे सरकत जा. एम्पायर स्टेटचे खांदे उतरते आहेत ते त्यामुळे.

मधे एक दिवस फिलाडेल्फियाला जाऊन आले. तिथे सिटी हॉलवर शहराचा संस्थापक विल्यम पेन उभा आहे, त्या पुतळ्याच्या टोपीपेक्षा उंच बांधायचं नाही, असा अलिखित रिवाज होता. 1987 मध्ये वन लिबर्टी प्लेसने तो मोडला. त्यानंतर शहराचा खेळातला कुठलाच मोठा संघ अजिंक्यपद जिंकेना, तेव्हा लोकांनी खापर या इमारतीवर फोडलं. शेवटी 2007 मध्ये नव्या उंच इमारतीच्या माथ्यावर पेनचा एक छोटासा पुतळा बसवला, आणि 2008 मध्ये शहराच्या फिलीज संघाने बेसबॉलची वर्ल्ड सिरीज जिंकली. भाच्याच्या वहीत फिलाडेल्फियाचा आकडा छोटा आहे, पण मला हे शहर आवडलं.

आणि मग शिकागो. दोन दिवस ठेवले होते, चार हवे होते.

सकाळी जॅक्सन रस्त्याच्या फ्रँकलिन चौकात उतरले. तिथल्या पाटीवर लिहिलंय, फझलुर आर. खान वे. ढाक्यात 1929 साली जन्मलेला हा इंजिनिअर, आणि वर 442 मीटर विलिस टॉवर, जुना सिअर्स टॉवर, त्याच्या डोक्यातून निघालेला. एकेक काठी मोडते पण मोळी मोडत नाही, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलीय. खानांची युक्ती हीच. 23 मीटर बाजूच्या नऊ चौकोनी नळ्या एकमेकींना बांधल्या. दोन 50व्या मजल्यावर थांबतात, दोन 66व्या, तीन 90व्या, आणि उरलेल्या दोन थेट वर जातात. वाऱ्याचा जोर सगळ्या मिळून पेलतात. ते कळल्यावर मी परत मान वर केली, तेव्हा त्या काळ्या ठोकळ्याचा एकेक सांधा मला वाचता आला. आपल्या उपखंडातल्या माणसाचं नाव त्या चौकात वाचताना ऊर भरून आला, ते लपवण्यासारखं नाही.

त्याच रस्त्याने मिशिगन तलावाच्या दिशेने चालत निघाले. दहा मिनिटांत मोनॅडनॉक बिल्डिंग लागली. ही सोळा मजली इमारत भाच्याच्या यादीत बसणारच नाही. पण तिचा उत्तरेचा अर्धा भाग 1891 चा, निव्वळ विटांच्या भिंतींवर उभा, आणि तळाशी ती भिंत सहा फूट जाड आहे. खिडकीच्या खोलीतून ती जाडी कळते. मी तिला हात लावून उभी राहिले. दक्षिणेचा भाग 1893 चा, तिथे भार पोलादी सांगाड्यावर आहे. एकाच इमारतीत दोन वर्षांच्या अंतराने एक युग बदललेलं दिसतं. सांगाड्याची सुरुवात त्याआधीच, इथून जवळच झाली होती. 1885 ची दहा मजली होम इन्शुरन्स बिल्डिंग जगातली पहिली गगनचुंबी इमारत मानली जाते. ती 1931 मध्ये पाडली.

जॅक्सन रस्ता मिशिगन अ‍ॅव्हेन्यूला मिळतो आणि एकदम समोर आकाश उघडतं. ग्रँट पार्क, पलीकडे समुद्रासारखा तलाव. 1836 च्या नकाशावर या जागेबद्दल लिहून ठेवलं होतं, की ही सार्वजनिक जमीन कायम मोकळी राहावी, इथे कुठलीही इमारत नको. माँटगोमेरी वॉर्ड नावाच्या व्यापाऱ्याने ते वाक्य धरून 1890 पासून वीस वर्षं शहराविरुद्ध खटले लढवले. लोकांनी त्याला विकासाचा शत्रू ठरवलं, तरी तो हटला नाही. एका आर्ट इन्स्टिट्यूटला, म्हणजे कलासंग्रहालयाला, तेवढी सवलत मिळाली. त्याच वास्तूत 1893 मध्ये विवेकानंद बोलले होते. तिच्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसले, मग पुढे निघाले.

शिकागोची स्कायलाइन दिसते ती या मोकळ्या पट्टीमुळे, असं माझं ठाम मत झालंय. न्यूयॉर्कच्या निम्म्याहूनही कमी इमारती, पण पुढे कोणी आड येत नाही. तलावात शिरलेल्या अ‍ॅडलर तारांगणाच्या टोकावर जाऊन उभं राहिलं, की डावीकडे विलिस, उजवीकडे लांब 1969 ची हॅनकॉक इमारत, तिच्या अंगावरच्या तिरक्या तुळयांच्या फुल्यांसकट. प्रत्येकीभोवती थोडं आकाश शिल्लक आहे.

अमेरिकेतली सगळ्यात उंच इमारत कोणती, हा जुना वाद मला तिथेच आठवला. न्यूयॉर्कचं वन वर्ल्ड ट्रेड सेंटर 541 मीटर, पण त्यातला वरचा मोठा भाग नुसता सुळका. गच्चीपर्यंत मोजलं तर ते 417 आणि विलिस 442. सुळका धरायचा असा निकाल 2013 मध्ये लागला. तो देणारी ती उंच इमारतींची परिषद शिकागोतलीच, आणि निकाल गेला न्यूयॉर्कच्या बाजूने. मला हा प्रामाणिकपणा फार भावला.

ऊन उतरलं तेव्हा ताईला व्हिडिओ कॉल लावला. फोन भाच्याने ओढून घेतला. मी कॅमेरा डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवत होते.

"मावशी, हलवू नकोस ना! एकतीस… बत्तीस…"

मी दोन्ही हातांनी फोन धरला. तलावावरचा वारा कानात भरत होता. तो त्रेचाळीसपर्यंत पोचला, तेवढ्यात विलिसच्या वरच्या मजल्यांवर दिवे लागले.

"अरे वा," तो म्हणाला, आणि मोजायचा थांबला.