तुम्ही विचारलंत म्हणून: एकट्याने करून काय होणारे?

हा प्रश्न मला सारखा येतो, दोन्हीकडून. काही जण म्हणतात पर्यावरण वाचवणं सरकारचं काम, तुमच्या एका पिशवीने काय होणारे, आणि काही म्हणतात सरकारला कशाला बोलता, आधी स्वतःचा कचरा वेगळा करा.

मला दरवेळी ओझोनचं आठवतं. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी सांगितलं की स्प्रेच्या डब्यातला सीएफसी वायू वर जाऊन, सूर्याच्या घातक किरणांपासून आपल्याला वाचवणारा ओझोनचा थर नासवतो, त्यावर अमेरिकेत बऱ्याच लोकांनी कायद्याची वाट न बघता असले स्प्रे घेणंच सोडलं, खप घसरला, आणि १९७८ मध्ये तिथल्या सरकारने बहुतेक स्प्रेंमधून तो वायू बंदच केला. म्हणजे सुरुवात लोकांनी केली, हे खरंच आहे. पण तोच वायू फ्रिजमध्येही होता ना! स्प्रेशिवाय चालतं, फ्रिज कसा सोडणार, आणि दुकानातल्या सगळ्याच फ्रिजमध्ये तो असेल तर निवडणार तरी काय? तिथून तो वायू काढायचं काम १९८७ च्या मॉन्ट्रियल या देशादेशांतल्या कराराने झालं, पुढे जगातले सगळे देश त्यात आले आणि आता तो थर हळूहळू भरून येतोय.

शिसं घातलेल्या पेट्रोलचं तर त्याहून वाईट, कारण ज्याच्याकडे गाडीच नाही त्याचं पोरही तोच धूर श्वासात घेत होतं, आणि शिसं मुलांच्या मेंदूला घातक. तिथे कुणी घरी कितीही काटकसर केली असती तरी काय फरक पडणार होता? एकेका सरकारने बंदी घातली, शेवटी २०२१ मध्ये अल्जेरियाने, तेव्हा कुठे गाड्यांसाठीचं ते पेट्रोल जगातून गेलं.

पूर्वी मी फक्त घरातलंच बघायचे, जरा चूक झाली की दिवसभर मनाला लागायचं. मग कळलं की कार्बन फूटप्रिंट, म्हणजे आपल्या वागण्यामुळे हवेत किती कार्बन जातो त्याचा हिशोब, हा शब्द लोकांच्या तोंडी बसवण्यात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात होता, तेव्हा खरंच राग आला, कारण तेल काढणारे ते आणि हिशोब मात्र मी माझ्या दिव्यांचा करत बसलेले.

म्हणून आता मी एवढंच बघते की ही गोष्ट माझ्या हातात आहे का. असेल तर करते, कुणी बघो न बघो. नसेल तर ज्याच्या हातात आहे त्याला विचारते, आणि हे विचारणं पण माझंच काम आहे असं मला मनापासून वाटतं, सरकार आपणहून जागं होतं असं फार कमी वेळा दिसलंय. आम्ही वेगळा करून दिलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र टाकतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. वेगळा करणं सोडलं नाही, पण त्याच आठवड्यात तक्रार लिहिली आणि शेजाऱ्यांकडे सह्या मागायला गेले.