भाऊसाहेबांच्या कॉम्प्युटरवरचा ‘मंगल’

मी हायस्कूलला चित्रकला शिकवते. दरवर्षी इंटरमिजिएट ह्या सरकारी चित्रकला परीक्षेच्या आधी पालक स्वतःहून विचारायला येतात, मॅडम जादा तास घेणार ना, कारण ए ग्रेड आली की दहावीला ७ मार्क वाढतात, बी ला ५ आणि सी ला ३. मार्क पदरात पडले की त्याच घरात रंगपेटी माळ्यावर जाते. मला ह्याचा फार त्रास होतो, आणि यंदा एका मुलीच्या बाबतीत गप्प बसवेना म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी सरळ तिच्या वडिलांच्या ऑफिसात गेले. तहसील कचेरीत क्लार्क आहेत ते.

मुलीला ए ग्रेड होतीच, पण तिची खरी ओढ अक्षरांकडे आहे. बाकीची पोरं भूमितीच्या पेपरात अक्षरलेखन शेवटी कसंबसं उरकतात, ही आईसक्रीमच्या काडीला तिरका काप देऊन तिचा बोरू करते आणि एकच ‘क’ पानभर घोटत बसते. काडीचा कोन जरा फिरला की ‘क’च्या पोटातली पांढरी जागा बुजते आणि अक्षर काळं पडतं, हे मी तिला शिकवलेलं नव्हतं, तिनेच पानावर बोट ठेवून मला दाखवलं. आणि घरी काय ठरलेलं तर दहावीचा निकाल लागला की लातूर, नीटचा क्लास, हॉस्टेल.

बाहेर उत्पन्नाच्या दाखल्याची रांग होती. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. चिडले वगैरे अजिबात नाहीत. “मॅडम, हात चांगलाय तिचा, आम्ही कुठं नाही म्हणतोय, छंद म्हणून करू दे की. पण पोटापाण्याचं बघायला नको का?” हे ऐकून मला राग नाही आला. स्वतः खूप वर्षं परीक्षा देऊन नोकरीला लागलेला माणूस आहे, पोरीला कुणापुढे हात पसरायला लागू नये एवढंच त्यांना हवंय.

मी बरंच बोलायचं ठरवून गेले होते पण तेवढ्यात समोरच्या स्क्रीनवरचं अर्धवट पत्र दिसलं. म्हटलं भाऊसाहेब, हा फॉन्ट कुठला? म्हणाले मंगल. कुणी काढला? “काढला म्हणजे? कॉम्प्युटरमध्ये असतोच की तो.” मग मी त्यांना ‘राष्ट्रीय’ टाइप करून साइज २०० करायला सांगितलं. एवढा मोठा ‘ष्ट्री’ त्यांनी कधी बघितलाच नव्हता, रोज दहा वेळा टाइप करत असून. शेजारच्या टेबलवरचे पण खुर्ची सरकवून बघायला आले. म्हटलं बघा, ष ला ट कसा लावायचा, त्याला र कसा जोडायचा, वेलांटी किती लांब न्यायची, हे सगळं कुणीतरी हाताने काढून ठरवलंय, आणि आपल्या जोडाक्षरांमुळे एका देवनागरी फॉन्टला अशी शेकडो चित्रं काढावी लागतात. मंगल र. कृ. जोशींनी केला. ते कवी होते, जाहिरातीत काम करायचे, पुढे आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइनच्या विभागात, शिकवायचे. आणि २०१० साली आलेलं रुपयाचं चिन्हही त्याच आयडीसीत शिकलेल्या उदय कुमार यांचं. तुमची पोरगी जे करते तेच काम आहे हे, आणि आता तर प्रत्येक ॲपला, चॅनलला, पॅकिंगला मराठी अक्षर लागतंय.

आयआयटी म्हटल्यावर ते जरा सरसावून बसले हे खरंय. मग जेजेचं सांगितलं तर म्हणाले, “जेजे म्हणजे हॉस्पिटल ना?” म्हटलं नाव त्याच जमशेटजी जीजीभाईंचं, पण हे १८५७ पासूनचं आर्ट स्कूल. मुख्य म्हणजे आज काहीच तोडायची गरज नाही, बारावी कुठल्याही शाखेची चालते, मग बीएफए म्हणजे कलेच्या पदवीला एएसी सीईटी, डिझाइनच्या पदवीला युसीड ही प्रवेश परीक्षा, त्यातही चित्र काढायला असतंच. इथेच सायन्सला घाला हवं तर, फक्त लातूरला पाठवून तिचा हात बंद पाडू नका.

“आणि पगार?” शेजारचे भाऊसाहेब. खोटं कशाला बोलू, सांगितलं की सुरवातीची वर्षं ओढाताणीची असतात, काम दाखवावं लागतं, नुसत्या डिग्रीवर कुणी विचारत नाही, आणि माझ्यासारखी शाळेतली नोकरी धरून चालू नका, कलाशिक्षकांच्या जागा किती निघतात ते दिसतंच आहे. पण नीटला बसणाऱ्या सगळ्या पोरांना तरी कुठे सीट मिळते? ह्यावर दोघंही गप्प.

मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरवात केली आणि मला तिथेच बरं वाटलं, कारण ते प्रश्न नकार द्यायला शोधलेले नव्हते. सरकारी कॉलेजची फी किती, सीईटी साधारण कधी असते, मुंबईत मुलींच्या हॉस्टेलचं कसं काय. काही उत्तरं दिली, काही बघून सांगते म्हटलं. त्यांनी सगळं एका कोऱ्या अर्जाच्या पाठीवर लिहून घेतलं आणि बाहेरची रांग वाढली तशी मी उठले.

लातूर तूर्तास रद्द झालंय, मुलगी गावातच अकरावी सायन्सला जाणार. तिच्या आईला मात्र अजून पटलेलं नाही, माझ्या मुलीला पेंटर करताय का म्हणून वडिलांशी भांडण झालंय. येत्या रविवारी घरी बोलावलंय मला, तिची अक्षरांची पानं सोबत नेणार आहे.