वाचननोंदी: तीन महिने, तीन पुस्तकं आणि शेजारी उघडा नकाशा

तिमाहीच्या सुरुवातीला सहा पुस्तकं काढून ठेवली होती. तीन वाचून झाली, चौथं अर्ध्यावर आहे, पाचवं सोडलं आणि सहाव्याला अजून हात लागलेला नाही. आकडा काही मिरवावा असा नाही. पण या खेपेला वाचायची पद्धतच बदलली, म्हणून त्याचं वाईटही वाटत नाहीये.

झालं असं की एका लढाईवरचं चांगलं चारशे पानी पुस्तक मी मोठ्या हौशीने संपवलं, आणि नंतर एकाने सहज विचारलं, "नदी सैन्याच्या पुढे होती की पाठीमागे?" मला सांगताच येईना. सेनापतींची नावं पाठ, तारखा पाठ, आणि सैन्य उभं कुठे होतं तेच माहीत नाही! त्या दिवसापासून नेम केला: इतिहासाचं पुस्तक उघडलं की शेजारी नकाशा उघडायचा. गावाचं नाव आलं की थांबायचं, नकाशावर बोट ठेवायचं, मगच पान उलटायचं. वेग निम्म्यावर आला. सुरुवातीला चिडचिड झाली, आता सवय झालीये.

पहिलं पुस्तक विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. हे पूर्वी एकदा वाचलं होतं, पण गोष्टीसारखं. कोकणातल्या वरसईचा एक भिक्षुक, डोक्यावर कर्ज, उत्तरेत ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याची बातमी कानावर येते, आणि दानदक्षिणेच्या आशेने हा काकांबरोबर घर सोडतो. साल १८५७. पुढे काय वाढून ठेवलंय ते आपल्याला ठाऊक असतं, त्याला नसतं. पुस्तकाची सगळी गंमत आणि सगळी धास्ती या एका गोष्टीत आहे.

यावेळी नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलीने त्यांची वाट काढत गेले. ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, ब्रह्मावर्त (म्हणजे बिठूर, हे शोधण्यात पहिली संध्याकाळ गेली), अयोध्या, काशी. रेघ सरळ जातच नाही. कर्ज फेडायला निघालेला माणूस म्हणून सुरुवातीची वळणं दानदक्षिणेच्या मागे आहेत, मधली जीव वाचवण्यासाठी आणि शेवटची तीर्थांच्या ओढीने. नुसतं वाचताना हे मला कधी दिसलं नव्हतं. दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलीने इंग्रज सेनापती ह्यू रोज याच्या फौजेची वाट काढली तेव्हा तर पोटात गोळाच आला. मार्च १८५८ मध्ये झाशीला वेढा पडतो तेव्हा भटजी आत आहेत. एप्रिलच्या सुरुवातीला शहर पडतं. जीव वाचवून ते बाहेर पडतात आणि काल्पीच्या बाजूला जातात, आणि युद्धही नेमकं तिकडेच सरकतं. कागदावर दोन रेघा एकमेकींचा पाठलाग करतात.

झाशीच्या लुटीची पानं मात्र नकाशा बाजूला ठेवून वाचली. गोडसे भटजी तिथे मोठमोठी विशेषणं वापरत नाहीत. लुटीलाही क्रम होता, तो सांगतात: आधी सोनंनाणं, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड, शेवटी धान्य. एखाद्या कारकुनाने यादी करावी तसं. राणीच्या ग्रंथालयाची धूळधाण झाली त्याची हळहळही त्यांना लागून राहिलेली आहे. आणि पुढे विहिरीजवळचा तो प्रसंग येतो. पठाणी वेशातली, धुळीने माखलेली राणी. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात, ती त्यांना थांबवते आणि स्वतः पाणी काढून पिते. अर्ध्या पानाचाही मजकूर नसेल.

घेणाऱ्यांसाठी एक सूचना, आणि ही महत्त्वाची आहे: कुठली आवृत्ती घेताय ते बघा. गोडसे यांनी ही हकिकत लिहिली ती चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून, आणि वैद्यांनीच ती १९०७ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर छापली. पण छापताना त्यांनी भाषेवर आणि मजकुरावर बराच हात फिरवला. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली. वैद्यांची सुबक वाटते, पोतदारांची खडबडीत. मी दोन्ही समोर ठेवून काही प्रकरणं ताडून पाहिली. माझं मत खडबडीतच्या बाजूने आहे. मूळ लेखकाची वाक्यं लांबतात, मध्येच भलतीकडे वळतात, जेवणाखाण्याचा आणि दक्षिणेचा हिशोब घुसतो, आणि नेमकं त्यातच माणूस सापडतो.

दुसरं 'द ग्रेट आर्क', लेखक जॉन के, २००० सालचं. आपण ज्या नकाशावर बोट ठेवतो तो मुळात मोजला कसा, याची ही कथा. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची सुरुवात विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ केली. तत्त्व शाळेतलंच आहे: त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. तेव्हा जमिनीवर एकच रेघ प्रत्यक्ष मोजायची, पण अशी मोजायची की कुठे केसाएवढीही चूक राहू नये. मग पुढे फक्त कोन. एका त्रिकोणाच्या बाजूवर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, असं थेट हिमालयापर्यंत.

ती पहिली रेघ साडेसात मैलांची. शंभर फुटी पोलादी साखळी जवळपास ४०० वेळा मांडायची. उन्हाने पोलाद वाढतं म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवायची, शेजारी तापमापक, आणि प्रत्येक वेळी वाढीचा हिशोब जमेस धरायचा. हे वाचल्यावर मी साधी टेप घेऊन टेबलाची लांबी तीनदा मोजली. तीन वेळा तीन उत्तरं आली. त्यानंतर लॅम्बटनबद्दलचा आदर दुपटीने वाढला.

कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचं. इंग्लंडहून येताना ते वाटेत फ्रेंचांच्या हाती लागलं आणि मग परत मिळालं. १८०८ मध्ये तंजावरला ते देवळाच्या गोपुरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आपटलं. त्याची मुख्य चकती वाकली. लॅम्बटन स्वतःला कोंडून घेऊन सहा आठवडे ती चकती सरळ करत बसला. आपल्या वाचनयादीत पराक्रमी माणसांची चरित्रं ढिगाने असतात, पण वाकलेली चकती हळूहळू पूर्ववत करणारा हा माणूस माझ्या डोक्यातून जात नाही. १८२३ मध्ये काम चालू असतानाच तो वारला, हिंगणघाटला. मला हे माहीतच नव्हतं. शिखराला नाव मिळालं त्याच्यानंतर आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टचं, आणि तेही त्याची हरकत असताना.

सगळ्यात उंच शिखर कुठलं हे गणिताने ठरवणाऱ्यांमधला राधानाथ सिकदार या पुस्तकात येतो, पण मला हवा तेवढा येत नाही. १८५६ मध्ये 'पीक १५' ची, म्हणजे आजच्या एव्हरेस्टची, उंची २९,००२ फूट जाहीर झाली. आजच्या मोजणीत ती २९,०३२ फुटांच्या आसपास आहे. शंभराहून जास्त मैल दूर मैदानातून कोन घेऊन, कागद-पेन्सिलीच्या जोरावर काढलेलं उत्तर, आणि फरक तीसेक फुटांचा! तळटीप शोधत बसावं असं इथे वाटलं. तक्रार एवढीच की लेखक माणसांच्या स्वभावात रमतो आणि गणित घाईत उरकतो. दोन आकृत्या जास्त चालल्या असत्या.

या पुस्तकाच्या बाबतीत एक फसवणूकही झाली. आधी जुनी प्रत मागवली होती. आली, उघडली, तर नकाशाचं पान ब्लेडने सफाईदार कापलेलं. नकाशावरच्या पुस्तकातून नकाशा पळवणारा माणूस कोण असेल याचा मी बराच विचार केला. विकणाऱ्याने "पानं तपासलेली नव्हती" म्हणत हात झटकले. मग ई-आवृत्ती घेतली, तर तिथे नकाशा नखाएवढा, आणि मोठा करावा तर धुरकट. शेवटी ग्रंथालयाची प्रत आणून ते पान पाऊण तास निवांत पाहिलं. नकाशे असलेलं पुस्तक शक्य तोवर कागदावरच वाचा.

तिसरं स्टीव्हन जॉन्सन यांचं 'द घोस्ट मॅप' (२००६). लंडनच्या सोहो भागातली १८५४ ची पटकीची साथ. ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हापशाच्या आसपास काही आठवड्यांत सहाशेहून जास्त माणसं गेली. दुर्गंधीने रोग होतो, असं तेव्हा शहाणीसुरती माणसंही मानत. जॉन स्नो या डॉक्टरला पाण्याचा संशय. माझ्या डोक्यात या प्रसंगाची जी गोष्ट होती ती अशी: स्नोने नकाशा काढला, मृत्यूंचे ठिपके हापशाभोवती गोळा झालेले दिसले, त्याने हापशाचा दांडा काढायला लावला, साथ थांबली. पुस्तकाने हा सगळा क्रमच मोडून टाकला. दांडा ८ सप्टेंबरला काढला. प्रसिद्ध नकाशा त्यानंतर तयार झाला. आणि दांडा निघाला तेव्हा साथ आधीच ओसरायला लागली होती.

खरी मजा आहे ती वेगळं पडलेलं शोधण्यात. हापशाला लागूनच दारूची भट्टी, तिथले कामगार वाचले, कारण ते बिअर पीत. जवळच्या अनाथालयवजा आश्रयगृहात पाचशेवर माणसं, मेली फक्त पाच, कारण त्यांची विहीर वेगळी. आणि कित्येक मैल दूर हॅम्पस्टेडला एक विधवा बाई पटकीने गेली. का? तिला याच हापशाचं पाणी आवडायचं, म्हणून तिची मुलं ते रोज तिला पाठवायची. जिथे साथ असायला हवी होती तिथे ती नाही, आणि नको तिथे आहे. नकाशावर ठिपक्यांचा पुंजका बघून मी खूश झाले असते. स्नो पुंजक्याबाहेरच्या ठिपक्यांच्या मागे लागला.

आणि हेन्री व्हाइटहेड. हा तिथला तरुण पाद्री, स्नोचं म्हणणं खोडून काढायलाच निघालेला. घरोघरी फिरला, त्याच त्या लोकांना चारचारदा भेटला, आणि शेवटी साथीचं मूळ त्यालाच सापडलं: ४० ब्रॉड स्ट्रीटवरचं एक तान्हं बाळ, ज्याची दुपटी धुतलेलं पाणी हापशाच्या विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवरच्या मैल्याच्या खड्ड्यात ओतलं जात होतं. ज्या दिवशी दांडा काढला त्याच दिवशी त्या बाळाच्या बापाला पटकी झाली. म्हणजे दांडा जागेवर असता तर तेच चक्र पुन्हा फिरलं असतं. हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं, रात्री पुन्हा उघडलं. शेवटची दोन प्रकरणं, जिथे लेखक आजच्या महानगरांवर आणि उद्याच्या संकटांवर बोलतो, ती खुशाल गाळा. पुस्तक तिथे घसरतं.

सोडलेल्या पुस्तकाचं नाव सांगत नाही. सगळ्या जगाचा इतिहास एका खंडात, असा प्रकार होता. दर परिच्छेदात एक साम्राज्य उगवतं आणि मावळतं. नकाशावर बोट ठेवायला जावं तर बोट टेकायच्या आत शंभर वर्षं उलटलेली. साठ पानांत दमले.

सध्या हातात आहे ते डाव्हा सोबेल यांचं 'लॉन्जिट्यूड' (१९९५). छोटेखानी आहे, नकाशाच्या नादात ओघानेच आलं. अक्षांश सूर्य-ताऱ्यांवरून कळतो, रेखांशाला मात्र घड्याळ लागतं: निघालेल्या बंदरात आत्ता किती वाजले हे भर समुद्रात कळायला हवं, कारण ती वेळ आणि बोटीवरची सूर्यावरून कळणारी वेळ यांत एका तासाचा फरक म्हणजे १५ अंश. आणि तेव्हाची लंबकाची घड्याळं बोटीवर टिकत नसत. १७०७ मध्ये सिली बेटांपाशी इंग्लंडच्या चार युद्धनौका बुडाल्या, १७१४ मध्ये पार्लमेंटने २०,००० पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं, आणि जॉन हॅरिसन नावाच्या सुताराने त्यापायी सगळं आयुष्य घालवलं. वाचायला झक्कास. पण त्या जहाजबुडीत स्वतःचा वेगळा हिशोब मांडणाऱ्या खलाशाला आदल्या दिवशी फाशी दिल्याची जी गोष्ट यात येते, तिला समकालीन पुरावा नाही. पुस्तकात तळटीपा नाहीत, त्यामुळे अशी जागा वाचकालाच हुंगावी लागते. मी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. आतापर्यंत अशी नऊ झाली.

सहावं पुस्तक त्र्यं. शं. शेजवलकरांचं पानिपत. तिथे नकाशा हाताशी असल्याशिवाय पहिलं पानही उघडायचं नाही असं ठरवलंय. यमुना कुणाच्या कुठल्या बाजूला होती हे या वेळी आधी बघणार. कुणाकडे त्या मोहिमेचा मोठा, वाचता येईल असा नकाशा असेल तर कळवा. आणि झाशीचा तो ट्रेसिंग पेपर अजून टेबलावरच पडलाय, कारण गोडसे भटजी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घराकडे निघाले, ती परतीची रेघ अजून काढायची राहिलीये.